कॉपी झाली, पण प्रोग्राम उघडेना : आधी कुलूप कुठलं ते ओळखा

जुन्या हार्ड डिस्कवरचा प्रोग्रामचा फोल्डर नव्या एसएसडीवर ओढला, आयकॉनवर डबल क्लिक केलं आणि समोर पासवर्डची चौकट उभी राहिली. नेहमीचा पासवर्ड घेत नाही. किंवा विचारतच नाही, सरळ 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणून परत पाठवतो. मग पासवर्ड विसरला असेल, फाइल करप्ट झाली असेल, व्हायरस असेल अशा शंका सुरू होतात आणि इंटरनेटवरून कुठलं तरी 'पासवर्ड रिमूव्हर' उतरवलं जातं. तिथेच थांबा. बहुतेक वेळा पासवर्डही बरोबर असतो आणि फाइलही धड असते.

पासवर्ड हा शब्द एकच असला तरी कुलपं निरनिराळी असतात. बिटलॉकर ही विंडोजची ड्राइव्ह बंद करण्याची सोय, तिचं कुलूप अख्ख्या ड्राइव्हला असतं. विंडोजच्या परवानग्यांचं कुलूप फोल्डरच्या दारावर असतं. ईएफएस (एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टम) ही विंडोजची एकेक फाइल बंद करण्याची सोय, तिचं कुलूप फाइलच्या आत असतं. झिप किंवा रारचं पुडक्याला असतं, आणि शेवटचं खुद्द प्रोग्रामने घातलेलं असतं. कॉपी करताना यातली काही कुलपं मागे राहतात, काही सोबत येतात. खरी अडचण होते ती कुलूप सोबत येऊन किल्ली जुन्या मशीनवरच राहते तेव्हा. त्यामुळे 'पासवर्ड काय होता' याच्या आधी 'किल्ली कुठे ठेवलेली होती' हे विचारायला हवं.

म्हणून जुना ड्राइव्ह हात न लावता बाजूला ठेवा. फॉरमॅट करू नका, जास्तीची जागा म्हणून वापरू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका. जुनं मशीन त्याच ड्राइव्हवर सुरू होत असेल तर ते मोडू नका, कारण खालचे निम्मे उपाय जुनं विंडोज एकदा सुरू झालं तरच चालतात. आणि जुन्या विंडोज खात्याचा पासवर्ड कोणाच्याही सांगण्यावरून 'रीसेट' करू नका. त्याचं कारण ईएफएसच्या भागात आहे.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या.

कॉपी खरंच पूर्ण झाली का?

कुलपाकडे वळण्याआधी हे पाहायलाच हवं. अर्धवट कॉपी झालेली पासवर्डवाली फाइल 'पासवर्ड चुकीचा' असंही म्हणू शकते आणि माणूस दिवसभर पासवर्ड आठवत बसतो.

दोन्हीकडच्या फाइलचं प्रॉपर्टीज उघडून 'साइज' पुढचा बाइट्सचा पूर्ण आकडा जुळवा. 'साइज ऑन डिस्क' बघू नका, तो ड्राइव्हच्या क्लस्टरप्रमाणे, म्हणजे जागेच्या लहानात लहान तुकड्याप्रमाणे, बदलतो. आकडा जुळला तरी आतला मजकूर जुळतोच असं नाही. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल, मग हायफन हॅशफाइल, मग अवतरणचिन्हांत फाइलचा पूर्ण पत्ता आणि शेवटी एसएचए२५६ असं द्या. उत्तरात ६४ अक्षरांची ओळ येते. दोन्ही फाइलींची ओळ अक्षरशः एक आली तर कॉपी निर्दोष आहे, मग फक्त कुलपाचा विचार करायचा. एकही अक्षर वेगळं असेल तर पासवर्डचा नाद सोडून पुन्हा कॉपी करा. एक अपवाद लक्षात ठेवा: मधल्या काळात जुन्या मशीनवर प्रोग्राम उघडला असेल तर त्याच्या डेटा फाइली बदललेल्या असणार. तुलना दोन्हीकडे प्रोग्राम बंद ठेवूनच करा.

ओळ जुळत नसेल तर कारणं ठरलेली असतात. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपसला. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून ती एकटीच वगळली गेली आणि घाईत 'स्किप' दाबलं गेलं. स्वस्तात घेतलेला १ टीबीचा पेन ड्राइव्ह प्रत्यक्षात ३२ जीबीचाच निघाला, आणि त्यापुढचं सगळं लिहिल्यासारखं दिसलं पण टिकलं नाही. नवा ड्राइव्ह आधी एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासला तर हे लगेच कळतं. किंवा मध्येच वीज गेली. पुण्यात देखभालीसाठी वीज गुरुवारी जाते हे सर्वांना पाठ आहे, तरी मोठी कॉपी बुधवारी रात्री लावून झोपणारे पुष्कळ आहेत. शेकडो जीबीची कॉपी असेल तर यूपीएस हवाच.

जुना ड्राइव्ह कॉपी करताना अडखळत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये त्याची तब्येत पाहा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींच्या 'रॉ व्हॅल्यूज' रकान्यात शून्याखेरीज आकडा असेल तर सेक्टर, म्हणजे ड्राइव्हवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, मरायला लागलेत. अशा ड्राइव्हवरून एक्सप्लोररने वारंवार कॉपी करणं म्हणजे त्याला आणखी मारणं. विंडोजची रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरत असाल तर स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ जोडा. हे दोन दिले नाहीत तर रोबोकॉपी एका न वाचता येणाऱ्या फाइलसाठी १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करत बसतं. ड्राइव्ह फारच खराब असेल तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने आधी ड्राइव्हची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब नक्कल, काढून घ्या आणि पुढचं काम त्या प्रतिमेवर करा.

जुना ड्राइव्ह बाहेरून जोडताना साटा-टू-यूएसबी अडॅप्टर लागतो, तो पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. लॅपटॉपचा अडीच इंची ड्राइव्ह यूएसबीच्या विजेवर चालतो, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची ड्राइव्हला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तेव्हा तो असलेलाच अडॅप्टर मागा. तयार एक्स्टर्नल ड्राइव्हचा डबा फोडून आतला ड्राइव्ह असा जोडणार असाल तर सावध राहा. काही डब्यांतली सर्किटच डेटा एन्क्रिप्ट करत असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवते, तुम्ही पासवर्ड कधी ठेवला नसला तरीही. डब्याबाहेर काढल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतं. 'नाही' म्हणा आणि ड्राइव्ह परत त्याच डब्यात घाला.

दारावरची परवानगी

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. जुना ड्राइव्ह नव्या मशीनला जोडला, यूजर्समधलं जुनं फोल्डर उघडायला गेलं की 'यू डोन्ट करंटली हॅव परमिशन' असा संदेश येतो. दोन्ही मशीनवर खात्याचं नाव तेच, पासवर्डही तोच असतो, मग परवानगी का नाही? कारण विंडोज नाव बघत नाही, खात्याचा एसआयडी नावाचा लांबलचक क्रमांक बघतं. विंडोज नव्याने टाकलं की तो क्रमांक नवा होतो. जुन्या ड्राइव्हच्या लेखी तुम्ही परके असता.

सहसा 'कंटिन्यू' दाबून थोडं थांबलं की काम होतं. नाही झालं तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'ओनर' पुढे 'चेंज', आपल्या खात्याचं नाव, आणि खाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स' वर खूण. फोल्डर मोठं असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमधून टेकओन, स्लॅश एफ, पत्ता, स्लॅश आर, स्लॅश डी वाय हे जलद होतं. त्यानंतर आयसीएसीएलएस, पत्ता, स्लॅश ग्रँट, खात्याचं नाव कोलन एफ, स्लॅश टी. हे फक्त आपल्या डेटाच्या फोल्डरवर चालवा. चालू विंडोजच्या सी ड्राइव्हवर सरसकट चालवलं तर विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचे मालक बदलतात आणि पुढे अपडेट अडकायला लागतात.

विंडोजच्या एनटीएफएस या ड्राइव्हवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीचा एक नियम फारसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर नेलेली फाइल तिथल्या फोल्डरच्या परवानग्या घेते. पण त्याच ड्राइव्हवर 'कट-पेस्ट' केलेली फाइल जुन्या परवानग्या घेऊनच सरकते. त्यामुळे फोल्डर ड्राइव्हच्या आत इकडून तिकडे हलवल्यावर ऑफिसातल्या बाकीच्यांना प्रोग्राम उघडता येत नाही आणि एकट्या तुम्हाला येतो. तिथे आयसीएसीएलएस, पत्ता, स्लॅश रीसेट, स्लॅश टी एवढं पुरतं.

ईएफएस : मालकी घेऊनही उघडत नाही तेव्हा

वरचं सगळं करूनही 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतच असेल, फोल्डर उघडतो पण आतली फाइल उघडत नाही, आणि फाइलच्या चिन्हावर छोटं कुलूप किंवा नाव हिरवं दिसत असेल, तर ती ईएफएसने एन्क्रिप्ट केलेली आहे. प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'एन्क्रिप्ट कंटेंट्स' वर एकदा खूण केली की हे होतं. विंडोजच्या प्रो आवृत्त्यांत ही सोय आहे, होममध्ये नाही. पासवर्ड कधी विचारला जात नाही, त्यामुळे आपण कुलूप लावलंय हेच लोक विसरतात.

मालकी बदलून इथे काही होत नाही, कारण मजकूरच गुंतागुंतीचा करून ठेवलेला असतो आणि तो सोडवणारी किल्ली जुन्या खात्याच्या प्रमाणपत्रात असते. सायफर, स्लॅश सी, फाइलचा पत्ता अशी कमांड दिली की ती फाइल कोणतं खातं उघडू शकतं ते दिसतं, प्रमाणपत्राच्या ठशासकट (थंबप्रिंट).

उपाय जुन्या मशीनवर करायचा. जुनं विंडोज त्याच खात्याने सुरू करा, सर्टएमजीआर डॉट एमएससी उघडा, पर्सनलखालच्या सर्टिफिकेट्समध्ये ज्याचा उद्देश 'एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टम' आहे ते निवडा, ऑल टास्क्समधून एक्सपोर्ट, आणि 'यस, एक्सपोर्ट द प्रायव्हेट की' निवडायला विसरू नका. प्रायव्हेट कीशिवाय काढलेलं प्रमाणपत्र या कामाला शून्य उपयोगाचं. तयार झालेली पीएफएक्स फाइल नव्या मशीनवर डबल क्लिक करून बसवली की कॉपी केलेल्या फाइली आहेत तशा उघडतात. प्रमाणपत्राची भानगड नको असेल तर जुन्या मशीनवरच एन्क्रिप्टची खूण काढून मग कॉपी करा. हे जास्त सुटसुटीत.

पेन ड्राइव्हवर नेलेल्या फाइलींना मागे 'पीफाइल' असं एक्स्टेन्शन लागलेलं दिसलं तर तेही ईएफएसच आहे. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून फॅट आणि एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवरही ईएफएस चालतं. एक्स्टेन्शन पुसून फाइल उघडणार नाही.

आता रीसेटचं. आपला जुना पासवर्ड टाकून नवा ठेवला तर विंडोज आतल्या किल्ल्या नव्या पासवर्डाने पुन्हा बंद करतं, सगळं चालू राहतं. पण स्थानिक खात्याचा पासवर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने किंवा बाहेरच्या सीडीवरून जबरदस्तीने बदलला तर त्या किल्ल्या जुन्या पासवर्डातच अडकतात. ईएफएस बंद होतं, आणि ब्राउझरमध्ये किंवा प्रोग्रामांत साठवलेले पासवर्डही जातात. असं झालंच असेल आणि जुना पासवर्ड आठवत असेल तर खात्याला पुन्हा तोच ठेवा. सहसा सगळं परत येतं.

बिटलॉकर

इथे थोडक्यात भागतं. बिटलॉकर ड्राइव्हला असतं, फाइलला नाही. उघडलेल्या ड्राइव्हवरून कॉपी केलेली फाइल मोकळीच असते. ड्राइव्ह दुसऱ्या मशीनमध्ये लावला तर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, सहा-सहा अंकांचे आठ गट. की मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापील कागदावर किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर असते. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळणारीच की घ्या. विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवीन विंडोज टाकलं तर हे कुलूप न विचारता लागू शकतं, होम आवृत्तीतही, म्हणून ड्राइव्ह काढण्याआधी की हातात आहे याची खात्री करा.

भोसरी-चाकणकडच्या वर्कशॉपांत अजून विंडोज ७ वर चालणारी मशीनं आहेत. विंडोज १० वर 'न्यू एन्क्रिप्शन मोड' निवडून बंद केलेला पेन ड्राइव्ह त्यांना पासवर्ड बरोबर देऊनही उघडता येत नाही, कारण त्या मोडमधली एक्सटीएस ही एन्क्रिप्शनची पद्धत विंडोज १० च्या १५११ आवृत्तीत आली. तो ड्राइव्ह विंडोज १० वर मोकळा करून पुन्हा 'कम्पॅटिबल मोड'मध्ये बंद करावा लागतो.

झिप, रार आणि बरोबर असूनही चुकणारा पासवर्ड

पुडक्याचं कुलूप फाइलसोबत जसंच्या तसं जातं, ड्राइव्ह बदलल्याने त्यात काही फरक पडत नाही. तरी इथे तक्रारी खूप येतात, कारण पुडकं उघडणारा प्रोग्राम बदललेला असतो. जुन्या मशीनवर सेव्हन-झिप होतं, नव्यावर ते टाकलं नाही आणि विंडोजच्याच एक्सप्लोररने उघडायला गेलो. झिप जर एईएस-२५६ या नव्या, मजबूत पद्धतीने बंद केलेली असेल तर एक्सप्लोरर ती सोडवू शकत नाही आणि शून्य-एक्स-८०००४००५ असा अर्थहीन आकडा दाखवतो. सेव्हन-झिप टाकलं की प्रश्न मिटला.

पासवर्ड चुकीचा की फाइल खराब, हे ओळखण्याची एक युक्ती आहे. मुद्दाम भलताच पासवर्ड टाका आणि येणारा संदेश पाहा. मग तुमचा खरा वाटणारा पासवर्ड टाका. एईएसवाल्या झिपमध्ये पासवर्ड पडताळायला दोन बाइट राखलेले असतात, म्हणजे चुकीचा पासवर्ड ६५,५३६ मधून एकदाच त्या चाळणीतून निसटतो. भलत्या पासवर्डला लगेच नकार आणि तुमच्या पासवर्डाला काही सेकंद काम करून मग सीआरसीची (आतला मजकूर जुळत नसल्याची) चूक, असं होत असेल तर पासवर्ड बरोबर आहे आणि पुडकं बिघडलंय. जुन्या झिपक्रिप्टो पद्धतीत ही चाळणी एकाच बाइटची, २५६ मधून एकाची, म्हणून तिथे हा पुरावा कच्चा धरा. रार ४ ला तर हा फरक सांगताच येत नाही. २०१३ मध्ये आलेला रार ५ पासवर्ड चुकीचा असल्याचं स्पष्ट सांगतो. रार बनवताना 'रिकव्हरी रेकॉर्ड' घातला असेल तर विनरारच्या रिपेअरने थोडा बिघाड भरून निघतो.

पासवर्ड लावलेल्या पुडक्यात अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. मात्र पुडकं सोडवल्याबरोबर तो आतली ईएक्सई उचलून क्वारंटाइनमध्ये टाकू शकतो आणि फोल्डरमध्ये ती फाइलच नसते. विंडोज सिक्युरिटीच्या प्रोटेक्शन हिस्टरीत पाहा. फाइल कुठून आली याची खात्री असेल तरच परत घ्या.

आता आपल्याकडचा खास गोंधळ. पासवर्ड देवनागरीत ठेवला असेल, किंवा त्यात देवनागरी आकडे असतील, तर १ आणि इंग्रजी एक ही संगणकासाठी दोन निराळी अक्षरं आहेत. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे कीबोर्ड मराठीवर आहे की इंग्रजीवर हे कळत नाही. घड्याळाशेजारची भाषेची खूण पाहा, विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून बदला. त्याहून नाठाळ म्हणजे 'ऱ्य'. 'सुऱ्या' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो : नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घेऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक दिसतात, पासवर्ड म्हणून एक चालतो आणि दुसरा नाही. जुन्या मशीनवर इनस्क्रिप्ट होतं आणि नव्यावर फोनेटिक कीबोर्ड टाकला की नेमकं हेच होतं. जुना कीबोर्ड लेआउट बसवून पुन्हा टाइप करा. शिवाय झिपमध्ये इंग्रजीबाहेरची अक्षरं बाइटमध्ये कशी मांडायची हे प्रत्येक प्रोग्राम आपल्या परीने ठरवतो, म्हणून देवनागरी पासवर्डाची झिप ज्या प्रोग्रामने बनवली त्यानेच उघडून बघा. पुडक्यांना साधा इंग्रजी अक्षर-आकड्यांचाच पासवर्ड ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला पासवर्ड चिकटवताना शेवटी एखादी मोकळी जागा सोबत येते, आणि फोन पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो. नोटपॅडमध्ये चिकटवून डोळ्यांनी पाहा, मग तिथून घ्या.

प्रोग्रामचं स्वतःचं कुलूप

पगारपत्रक, दवाखाना, सोसायटीचा हिशेब यांसाठी पंधरा-वीस वर्षांपूर्वी बनवून घेतलेले प्रोग्राम पुण्यातल्या छोट्या ऑफिसांत अजून रोज चालतात. त्यांच्या बाबतीत एक तक्रार ठरावीक येते : प्रोग्राम फाइल्समधला अख्खा फोल्डर कॉपी केला, प्रोग्राम उघडतोही, पण आताचा पासवर्ड घेत नाही, कधीचा तरी जुनाच घेतो, आणि आत नोंदीही जुन्याच.

याचं कारण व्हर्च्युअलस्टोअर. व्हिस्टापासून विंडोज सामान्य खात्याला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही. जुना ३२-बिट प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज गुपचूप ती फाइल यूजर्समधल्या त्या खात्याच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये लिहितं आणि प्रोग्रामला वाटतं की आपण आपल्याच जागी लिहिलं. मूळ फोल्डरमध्ये राहतो तो प्रोग्राम बसवला त्या दिवसाचा डेटा, त्या दिवसाच्या पासवर्डसकट. जुन्या ड्राइव्हवर लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा, व्हर्च्युअलस्टोअरच्या आत प्रोग्रामच्या नावाचं फोल्डर शोधा, दोन्हीकडच्या डेटा फाइलींच्या 'डेट मॉडिफाइड' तारखा पाहा. ताजी फाइल तीच खरी. हे फोल्डर प्रत्येक विंडोज खात्याचं वेगळं असतं, म्हणून दोन खाती वापरात असतील तर डेटाच्या दोन निरनिराळ्या प्रती निघू शकतात. आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेला प्रोग्राम व्हर्च्युअलस्टोअर वाचतच नाही. 'कधी नवा पासवर्ड चालतो, कधी जुना' या कोड्याचं उत्तर बहुधा तेच असतं. नव्या मशीनवर असा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये बसवूच नका. डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करा, वापरणाऱ्यांना त्यावर 'मॉडिफाय' परवानगी द्या.

डेटा अ‍ॅक्सेसच्या एमडीबी (मायक्रोसॉफ्टच्या त्या नावाच्या डेटाबेस प्रोग्रामच्या) फाइलीत असेल तर आणखी एक फाइल शोधावी लागते. २००३ पर्यंतच्या अ‍ॅक्सेसमध्ये वापरणाऱ्यांची नावं आणि पासवर्ड एमडीबीत नसून वेगळ्या एमडीडब्ल्यू फाइलीत असायचे. फक्त एमडीबी आणली तर परवानगी नसल्याचा संदेश येतो आणि कोणताही पासवर्ड चालत नाही. जुन्या शॉर्टकटचं प्रॉपर्टीज उघडा, 'टार्गेट'मध्ये स्लॅश डब्ल्यूआरकेजीआरपी पुढे त्या फाइलचा पत्ता सापडतो. ती फाइल आणा आणि शॉर्टकटमधला पत्ता नवा करा.

टॅलीत कंपनीच्या यादीत नावाऐवजी नुसत्या चांदण्या दिसत असतील तर ती कंपनी टॅलीव्हॉल्टने बंद केलेली आहे. कंपनीच्या क्रमांकाचं फोल्डर अख्खं कॉपी करा, आतल्या निवडक फाइली नकोत. व्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर तो परत मिळवण्याची सोय नाही, जुनी मोकळी बॅकअप शोधणं एवढंच हातात राहतं. लायसन्स वेगळं : जुनं मशीन बंद करण्याआधी तिथून ते 'सरेंडर' करा, मग नव्यावर चालू करा.

काही प्रोग्राम ड्राइव्हच्या व्हॉल्यूम सीरियल नंबरला बांधलेले असतात. व्हीओएल कमांडने तो आठ अक्षरी क्रमांक दिसतो. फाइली कॉपी करून तो येत नाही, सेक्टरनिहाय क्लोन केला तर येतो. क्लोन जमत नसेल तर प्रोग्राम बनवणाऱ्याकडून नव्या क्रमांकाची की मागवा. डोंगलवाल्या (संगणकाला लावायची छोटी किल्ली लागणाऱ्या) प्रोग्रामला आधी ड्रायव्हर बसवायचा, मग डोंगल लावायचा.

वर्कशॉपमध्ये : सीएनसी आणि पीएलसीची कार्डं

सीएनसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारं यंत्रकामाचं मशीन. त्याच्या फॅनक कंपनीच्या कंट्रोलवरून सगळे प्रोग्राम सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्डावर काढले, दुसऱ्या मशीनवर किंवा मेमरी पुसल्यावर परत भरले, आणि टूल चेंज देताच जुन्या ०आय-सी सारख्या कंट्रोलवर ०७८ अलार्म, 'नंबर नॉट फाउंड'. कार्ड खराब नाही. मशीन बनवणाऱ्याचे मॅक्रो, म्हणजे तयार छोटे प्रोग्राम, ९००० ते ९९९९ या क्रमांकांत असतात आणि पॅरामीटर (कंट्रोलचं सेटिंग) ३२०२ चा बिट ४, म्हणजे एनई९, १ असेल तर ते यादीत दिसत नाहीत आणि 'ऑल' देऊनही बाहेर निघत नाहीत. ८००० च्या मालिकेसाठी बिट ०. पासवर्ड पॅरामीटर ३२१० मध्ये असतो, तो पडद्यावर दिसत नाही. ३२११ मध्ये तोच आकडा टाकला तरच एनई९ बदलता येतो. हा आकडा मशीन बनवणाऱ्याकडून घ्या. तो टाळायला कोणी 'मेमरी ऑल क्लिअर' सुचवलं तर ऐकू नका, कारण त्यात कुलपासोबत मॅक्रोही जातात. कार्डावरची टेक्स्ट फाइल संगणकावर उघडून ओ९ ने सुरू होणारे प्रोग्राम आहेत का ते पाहिलं तर मशीन थांबण्याआधीच कळतं. जुन्या कंट्रोलला २ जीबीच्या आतलं, फॅटमध्ये फॉरमॅट केलेलं कार्ड आणि आठ अक्षरांच्या आतलं फाइलनाव द्या.

सीमेन्सच्या एस७-१२०० आणि १५०० या पीएलसींचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकांचं, मेमरी कार्ड विंडोजमध्ये कधीच फॉरमॅट करू नका. त्यावरच्या लपलेल्या फाइली, उदाहरणार्थ सीआरडीइन्फो डॉट बिन, गेल्या की कार्ड सीपीयूच्या, म्हणजे पीएलसीच्या मुख्य भागाच्या, कामाचं राहत नाही. एका कार्डावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर नेला आणि चालला नाही, तर टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉकच्या (प्रोग्रामच्या तुकड्याच्या) प्रॉपर्टीजमधलं प्रोटेक्शन पाहा. 'नो-हाउ प्रोटेक्शन' असेल तर फक्त आतला मजकूर दिसत नाही, ब्लॉक कुठल्याही सीपीयूवर चालतो. 'कॉपी प्रोटेक्शन' असेल तर ब्लॉक एका ठरावीक कार्डाच्या किंवा सीपीयूच्या सीरियल नंबरला बांधलेला असतो, नक्कल केलेल्या कार्डावर तो चालणारच नाही. प्रोजेक्टचा पासवर्ड असलेल्या माणसाने नवा सीरियल नंबर घालून पुन्हा डाउनलोड करणं हाच मार्ग. टीआयए पोर्टल व्ही१७ पासून, १२०० च्या ४.५ आणि १५०० च्या २.९ फर्मवेअरपुढे, कॉन्फिगरेशनचा गोपनीय डेटा जपणारा आणखी एक पासवर्ड आला आहे. सीपीयू जळाला, नवा बसवला, जुनं कार्ड घातलं, तरी हा पासवर्ड नव्या सीपीयूला दिल्याशिवाय तो रनमध्ये जात नाही. हा पासवर्ड पॅनेल बनवून घेतानाच लेखी मागून घ्या आणि मशीनच्या इलेक्ट्रिकल ड्रॉइंगच्या फायलीत, बंद पाकिटात ठेवा.